एकशे दहा फुटांच्या आत

४ मार्च १९७४, सोमवार. सावरवाडी

म्हसवडहून पहाटेची एसटी धरली, दुपारी पलूसला उतरलो आणि तिथून उसाच्या मोकळ्या बैलगाडीत बसून इथं आलो. गाडीवान मोठा बोलका निघाला. कशाला आलात विचारलं, धुराडं पाडायला म्हटल्यावर तो म्हणाला, "मग लवकर पाडा, त्याच्या सावलीत माझ्या मक्याची कणसं भरत न्हाईत." दोघंही रस्ताभर हसत आलो.

पलटणीत रोजचं काम रोज लिहायची सवय लागली, ती पेन्शनीनंतरही सुटलेली नाही. म्हणून ही नवी वही. अठरा वर्षं इंजिनिअर पलटणीत पूल बांधले आणि उडवले, हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता पहिलंच मुलकी काम. सांगलीच्या जिनदत्त आण्णांनी इथला बंद पडलेला खांडसरीचा कारखाना विकत घेतला आहे. तिथं हळदीचं गोदाम करायचं आहे आणि मधोमध धुराडं उभं आहे. विटांचं, गोल, एकशे दहा फूट उंच. ते नीट पाडलं तर आण्णा मला सांगलीला त्यांच्या जुन्या गोदामावर कायम ठेवणार, राहायला दोन खोल्या देणार. म्हणजे अंजनाला म्हसवडहून आणता येईल. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्यातली दीडेक वर्षं आम्ही एका छपराखाली काढली असतील.

जेवणाची सोय मनुबाईंकडं झाली. त्यांचा मुलगा जोतिबा फौजेत, सीमेवर आहे. फौजी म्हटल्यावर म्हातारीनं माझ्या ताटात दोन भाकरी जास्त वाढल्या. सून साळूबाई, दिवस भरत आलेले, पण बोलायला तिखट. म्हणाली, "भावजी, धुराडं पाडा, पर माझ्या चुलीवर न्हाई."

५ मार्च, मंगळवार

जागा पायाखाली घातली. धुराड्याच्या पश्चिमेला वाडी आहे. पहिली सहा घरं धुराड्याच्या उंचीच्या आत येतात, आणि त्यातलं सगळ्यात जवळचं मनुबाईंचं, टेप लावून बासष्ट फूट. बाहेर जायचा रस्ताही त्या घरांमधूनच. पूर्वेला मात्र तुटून गेलेल्या उसाचं रान, मोकळं, कुणाचं काही जाणार नाही असं. पाडायचं तिकडंच.

घरं इतकी जवळ असताना सुरुंगाचा विचारच नको. जुनी रीत वापरायची. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूचा बुंधा थोडा थोडा फोडायचा आणि फोडलेल्या जागी बाभळीचे टेकू ठोकत जायचं. निम्मा बुंधा असा लाकडावर आला की टेकूंना आग लावायची. लाकूड जळतं, आधार जातो, धुराडं त्या बाजूला आडवं होतं.

मुकादम बिराप्पा जत भागातला, बरोबर अकरा माणसं. आयुष्यभर त्यानं हेच काम केलं. टेकूंचं लाकूड होळी झाल्यावरच आणा म्हणाला, नाहीतर वाडीतली माणसं ते पळवून होळीत घालतील आणि वर आपल्यालाच बोंब मारायला बोलावतील.

६ मार्च, बुधवार

पहिला घाव घातला. त्याआधी बिराप्पानं त्यांची रीत केली. ते याला 'जागा दावणं' म्हणतात. कामाच्या मुख्य माणसानं, जिथं पाडायचं तिथं जाऊन उभं राहायचं आणि धुराड्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, "हितं ये." मग पायातलं तिथंच सोडायचं आणि मागं न बघता अनवाणी परत यायचं. म्हणजे धुराडं माणसाऐवजी वहाणेवर येतं.

मी रानात ऐंशी फुटांवर गेलो, उभा राहिलो, "हितं ये" म्हणालोही. पण बूट सोडले नाहीत. कॅन्टीनमधून घेतलेले नवे बूट, आणि रानात उसाची खोडकी सुरीसारखी वर आलेली. बूट घालूनच परत आलो. बिराप्पा माझ्या पायांकडं बघत राहिला. मी हसून म्हटलं, फौजीचे पाय आहेत, जळवांनी खाल्लेत, आता काट्यांना कशाला देऊ? माणसं हसली. तो हसला नाही, पण पहार उचलून कामाला लागला.

१२ मार्च, मंगळवार

काम चोख चाललं आहे. पूर्वेकडून पुरुषभर उंचीचा बुंधा फोडत नेला, एकोणीस टेकू बसले. विटा जुन्या आणि पक्क्या आहेत, चुन्यातल्या. उद्या रंगपंचमीची सुट्टी. साळूबाईनं आजच दम दिला आहे की हवालदार असो नाहीतर कलेक्टर, पांढरा सदरा घालून कुणी तिच्या दारात आला तर परत पांढरा जाणार नाही. अंजनाला पत्र टाकलं: पाडव्याला मी घरी येतो, पुढच्या महिन्यात दोघं सांगलीला.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी वाडीतली सहा घरं रिकामी केली. म्हातारीला आणि साळूबाईला पोलीस पाटलांच्या मळ्यात बसवलं. जिनदत्त आण्णा सांगलीहून जीपनं आले. अकराला टेकूंना आग लावली. सगळी माणसं लांब उभी.

पाऊण तास लाकूड जळलं. एकेक टेकू मोडल्याचा आवाज आला. मी मोजत होतो. एकोणीस.

धुराडं पडलं नाही.

दुपारी विस्तव निवल्यावर जवळ जाऊन पाहिलं. पूर्वेचा निम्मा बुंधा नाही. आरपार हात फिरवता येतो. वरचं सगळं वजन पोकळीवर आहे. हे उभं राहायला नको. हिशेबानं बघितलं तर राहूच शकत नाही. आण्णांनी विचारलं, सयाजीराव, असं होतं का कधी? मी म्हटलं, वाऱ्याची वाट पाहू.

१६ मार्च, शनिवार

वारा होता. पडलं नाही. कोणत्या बाजूला कललं आहे ते बघायचं ठरवलं. ओळंब्याची दोरी डोळ्यापुढं धरायची आणि धुराड्याची कड तिच्याशी ताडून बघायची, इतकं साधं काम. पूर्वेकडून बघितलं, सरळ. उत्तरेला जाऊन बघितलं, सरळ. दक्षिण, पश्चिम, चारी बाजूंनी दोरीसारखं सरळ. निम्मा पाय कापलेला माणूस सावधानमध्ये उभा राहावा तसं.

मग बिराप्पाला म्हटलं, तू उत्तरेकडून बघ, मी पूर्वेला रानात बसून मांडणी करतो. तो ओरडला की कललंय, पूर्वेला, वीटभर. मी धावत त्याच्याजवळ गेलो आणि बघितलं, तर सरळ.

त्यानं दोरी माझ्या हातातून घेतली. मला दक्षिणेला जाऊन उभं राहायला सांगितलं आणि स्वतः पूर्वेला गेला. तिथून म्हणाला, आता दक्षिणेला कललंय. मला उत्तरेला पाठवलं. आता उत्तरेला.

मी जिथून बघतो तिथून ते सरळच दिसणार. कारण ते माझ्याच दिशेनं कलतं.

१७ मार्च, रविवार

बिराप्पाची माणसं सकाळी गाठोडी बांधून निघाली. मी त्याला अडवलं. तो म्हणाला, "साब, तुमी जागा दावली आनि जागा संगट घिऊन आलासा. त्येला काय कळनार? त्ये तुमच्याच मागं येनार."

मी बूट काढले, म्हटलं आता ठेवतो रानात. तो म्हणाला की पहिल्या घावाच्या आधी ठेवायचे असतात. तरी मी गेलो, बूट तिथं ठेवले, खोडक्यातून अनवाणी परत आलो, दोन्ही तळव्यांतून रक्त. बिराप्पानं जायच्या आधी शेवटचं एकदा दोरी धरून बघितलं. कललेलं माझ्याकडंच. त्यानं मला हात जोडले, बापानं पोराचा मुका घ्यावा तसं माझं डोकं धरलं आणि गेला. मुकादमानं हवालदाराला असं करावं याची मला लाज वाटली, आणि भीती.

वाडीतली माणसं घरांत परत आली आहेत. दोन दिवस मळ्यात काढले, पुरे झालं म्हणतात. जनावरं, चुली, पाणी. न पडणाऱ्या धुराड्यासाठी किती दिवस बाहेर राहायचं? पाटलांना सांगितलं, त्यांनी मान हलवली.

१८ मार्च, सोमवार

आण्णांना भेटायला सांगलीला गेलो. माझं म्हणणं असं होतं की पुण्याहून माझ्या जुन्या पलटणीतली तज्ज्ञ माणसं बोलवावीत. आण्णांनी ऐकून घेतलं. त्यांच्या पत्नी गुणमालावहिनींनी ताक दिलं. आण्णा म्हणाले, पत्र लिहितो, आठपंधरा दिवस लागतील, तोवर तुम्ही घरी जाऊन या, थकलेले दिसता. मला ते पटलं होतं. संध्याकाळी सामान घ्यायला वाडीत परत आलो.

धुराड्याभोवती चारी बाजूंना विटा पडलेल्या. एक मनुबाईंच्या कौलांतून थेट चुलीत. भाकरी थापायला म्हातारी तेव्हा बसायचीच होती.

साळूबाई दारात बसून सगळं बघत होती. तिला मी गंमत म्हणून दोरी धरायला शिकवलं होतं. ती आज हसली नाही. म्हणाली, "तुमी गेल्यावर त्ये फिराय लागलं, भावजी. समद्या बाजूंनी. काय हुडकल्यागत. तुमी वाडीच्या तोंडाशी आला आनि थांबलं."

१९ मार्च, मंगळवार

टेप घेतला. साळूबाई दारात दोरी धरून बसली, मी रानात. नव्वद फुटांवर उभा राहिलो, तिनं हात वर केला: स्थिर. शंभर, स्थिर. एकशे आठ, स्थिर. एकशे बारावर पाय टाकला आणि तिची हाक आली. फिरतंय. मी आत आलो. थांबलं.

पुन्हा केलं. उत्तरेला, दक्षिणेला. तिन्ही वेळा तेच.

त्याला जितकं पोचता येतं तितक्यात मी असलो तर ते शांत राहतं. मी त्याच्या टप्प्याबाहेर गेलो की शोधायला लागतं, आणि शोधताना त्याचं तोंड सहा घरांवरून जातं.

म्हणजे मला आतच राहायचं आहे. पूर्वेला, रानात, घरांच्या उलट्या बाजूला. पुण्याची माणसं येईपर्यंत.

साळूबाईला हे सांगितलं नाही. ती हुशार आहे. जेवायला वाडीत येऊ नका, आत्याबाई भाकरी रानात आणून देतील, असं तीच म्हणाली.

२१ मार्च, गुरुवार

ऐंशी फुटांवर खंदक खणला. छातीभर खोल, गुडघे मोडून बसता येईल इतका लांब. काम करताना बरं वाटलं. वर पत्रा टाकला आणि मग काढून टाकला. दिसायला हवं.

पहाटे साळूबाई मोकळी झाली. मुलगा. मनुबाईंनी भाकरीबरोबर गूळ आणला, आणि हसत हसत रडल्या. मी म्हटलं, मळ्यात हलवा तिला, आजच. म्हणाल्या, "आवं, वल्ली बाळंतीन उचलून कुटं न्यू? बारा दीस तरी खोलीतनं हलवायची न्हाई." पाटलांना निरोप पाठवला. त्यांनी उलट विचारलं की हवालदारांना ताप आहे का.

आता दोरी धरायला कुणी नाही. पण गरज उरलेली नाही. दुपारी चारनंतर त्याची सावली खंदकावर येते. सूर्य सरकतो. सावली सरकत नाही.

२३ मार्च, शनिवार

उन्हात डोळा लागला. जागा झालो तेव्हा डोक्यात, मानेवर, वहीत चुन्याची भुकटी होती. ऐंशी फुटांवर चुना कसा उडून येईल? वारा नाही.

वर बघितलं. धुराड्याचं तोंड दिसलं. आतलं काळं. खालून तोंड दिसायला नको.

२४ मार्च, रविवार. पाडवा

वाडीत गुढ्या उभारल्या. इथून मोजल्या. टप्प्याच्या आत सहा. सातवी लांब आहे, तिला काही होणार नाही.

अंजनाला आज येतो म्हणून लिहिलं होतं.

दहा पावलं उजवीकडं सरकून बघितलं. विटांचा कुरकुर आवाज झाला, जात्यासारखा. परत खंदकात आलो. पुन्हा तोच आवाज. त्याला त्रास नको म्हणून मी हलत नाही — हे मी काय लिहितो आहे?

२५ मार्च

म्हातारीनं भाकरी बांधावर ठेवली आणि लांबूनच गेली. पाणी संपलं आहे. विहीर एकशे तीस फुटांवर आहे.

पुण्याचं काही नाही.

तोंड आता बरंच खाली — मी खंदकात आडवा पडलो तर बरोबर माझ्यावर. काळं वर्तुळ. त्यात आभाळ नाही. पडत का नाही? मी आहे ना इथं. ये म्हटलं ना मी.

२६ मार्च, मंगळवार. सकाळ

अंजना आली.

मनुबाईंनी शाळेच्या मास्तरांकडून तिला पत्र लिहवून घेतलं होतं. आण्णांची जीप घेऊन, आण्णांसकट आली. मी ओरडत होतो, येऊ नको. ती खोडक्यातून सरळ चालत आली आणि खंदकात उतरली. माझ्या दाढीवरचा चुना पदरानं पुसला.

सगळं सांगितलं. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "सरळ तर हाय की वं." आण्णाही आले, माझ्याशेजारी उभे राहिले, तेही म्हणाले, सरळ आहे. मी म्हटलं, इथून नका बघू, उत्तरेला जा. आण्णांनी अंजनाकडं बघितलं.

तिला म्हटलं, तू जा. म्हणाली, "तुमी आलासा तर जाईन. न्हाईतर मी हितंच. चौदा वरसं वाट बघितली, आता खड्ड्यात का हुईना, संगट बसू." आणि बसली. भाकरी सोडून माझ्या हातात दिली.

मी राहिलो तर तिच्यावर. गेलो तर घरांवर.

आण्णांना म्हटलं, सहाही घरं रिकामी करा, बाळंतिणीला खाटेसकट उचलून न्या, मग येतो. पडू दे मग कौलांवर. पुन्हा बांधून देईन, माझी सगळी पेन्शन घाला. आण्णा गेले. तासाभरानं आले. हात जोडून म्हणाले, केली रिकामी. माणूसच काय, कोंबडीसुद्धा नाही.

उठतो आहे. अंजनानं दंड धरला आहे.

जीपमध्ये

मागं बसलो. अंजना शेजारी. धुराड्याला वळसा घालून रस्त्याला लागलो. मागं बघायचं नाही असं तिनं सांगितलं. बघत नाही. लिहितो.

वाडी आली. पहिलं घर. दार उघडं —

माणसं आहेत. सगळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी, मला निरोप द्यायला. वेड्याचं समाधान करायचं म्हणून आण्णा — त्यांचा काय दोष. कुणी हललंच नव्हतं. जीप थांबली. मनुबाई आडव्या आल्या. सुवासिनीला दारावरून मोकळी कशी जाऊ देऊ म्हणतात. ओटी भरणार. तांदूळ, खण, नारळ शोधायला आत गेल्या. साळूबाई उंबऱ्यात, बाळ घेऊन. लोक हसताहेत. बरं व्हा, हवालदार, म्हणताहेत.

आण्णांना म्हटलं गाडी काढा. समोर माणसं. हॉर्न दिला तरी हसून बाजूला होत नाहीत.

जात्याचा आवाज. इथपर्यंत येतो आहे. कुणालाच —

साळूबाईला कळलं. ती माझ्याकडं बघत नाही. माझ्या वर बघते आहे. बाळ तिनं छातीशी घट्ट —

इथून खंदकापर्यंत दीडशे फुटांच्या आत. मी तिकडं पळालो तर ते तिकडं वळेल. वळायला त्याला वेळ लागतो, पाहिलं आहे मी. अंजनाच्या ओटीत तांदूळ पडताहेत, तिला उठता येणार नाही, एवढ्यात हात सोडवून — अंजना, वही इथं सीटवर ठेवतो. तू उतरू नको. काही झालं तरी मागं येऊ न